हेडलाइट मध्ये आला

चिकपेटेत साड्यांचा ठोक धंदा करणाऱ्या पुरुषोत्तमअण्णांनी त्या दिवशी दुकान बंद ठेवलं, तेव्हा शेजारच्या दुकानदारांनी आधी कोण गेलं याचीच चौकशी केली. गेलं कुणी नव्हतं, येणार होतं. मुलगी वेदिका नऊ महिन्यांच्या नातीला घेऊन मस्कतहून पहिल्यांदाच येत होती. फोनवर ती म्हणाली होती, "अण्णा, मी टॅक्सीनं येते. तुमचं दुकान असतं."

हे 'तुमचं दुकान असतं' अण्णांना फार लागलं. कारण ते खरं होतं. तिच्या पाठवणीच्या वेळीही ते कार्यालयाच्या मागच्या दाराशी एका गिऱ्हाइकाशी फोनवर घासाघीस करत होते. (भाव जमला, पाठवणी हुकली.) तेव्हा या खेपेला स्वतः गाडी चालवत देवनहळ्ळीला विमानतळावर जायचं आणि सगळ्यांच्या पुढे उभं राहायचं, असं त्यांनी ठरवलं. घरी होती स्कूटर. म्हणून मोठी गाडी भाड्यानं घेतली.

भाड्याबरोबर थोडे जास्त भरले की 'डॅमेज वेव्हर' मिळत होता. म्हणजे गाडीला काही लागलं तर कंपनी भरपाई मागणार नाही. अण्णांनी जन्मात विम्याच्या माणसाला पाणी विचारलं नव्हतं. पण नात बसणार म्हणून घेतला. (घासाघीस करूनच. सवय वाईट.)

सकाळी जयनगरच्या घरासमोर त्यांच्या पत्नी सत्यवतीबाईंनी गाडीला हळदकुंकू लावलं, चाकांखाली लिंबं ठेवली आणि पुढ्यातल्या दगडावर नारळ फोडला. एक भकल दगडापाशी राहिलं. दुसरं उसळलं आणि थेट हेडलाइटवर गेलं. काच तडकली.

"दिवसाउजेडी दिवा कुणाला पाहिजे? चला," सत्यवतीबाई म्हणाल्या.

"हलवायची नाही. नियम आहे. आहे त्या जागेवरनं कळवलं तरच वेव्हर लागू. गाडी हलली की वेव्हर गेला."

"आणि विमान?"

"उतरलं तरी सामान यायला वेळ लागतो."

कंपनीचा माणूस मंजुनाथ मूळचा निपाणीकडचा, मराठी बोलणारा. पण ट्रॅफिकला मराठी समजत नाही, त्यामुळे तो यायला बराच वेळ गेला. आल्यावर त्यानं फोटो काढले, काचेच्या फटीतला खोबऱ्याचा तुकडा बोटानं काढला आणि हुंगला.

"हे बसत नाही सर. वेव्हर अपघाताला असतो. मुद्दाम केलेल्याला नाही."

"मुद्दाम कुणी केलं?"

"नारळ मुद्दामच फोडलात की."

इथं अण्णांमधला व्यापारी जागा झाला आणि बाप मागं राहिला. "हे बघा मंजुनाथ, बाई दुकानात येते, पदर ताणून बघते, साडी फाटते. ताणली मुद्दाम. पण फाटली ती मुद्दाम काय?"

मंजुनाथनं डोकं खाजवलं. "सरी, ठीक आहे. मग अक्कांनी नेम चुकला म्हणून लिहून द्यावं."

"मी नाही देणार," सत्यवतीबाई म्हणाल्या. "लेकरू पहिल्यांदा घरी येतंय आणि पूजेचा नारळ चुकला म्हणून लिहू? नारळ जागेवरच फुटला. हेडलाइट मध्ये आला."

"मध्ये कुणी आणला?" अण्णा म्हणाले.

दोघांनीही अण्णांकडे पाहिलं. दगडाला नाक लावून गाडी त्यांनीच उभी केली होती.

मंजुनाथचा चेहरा उजळला. चालवणाऱ्याचा हलगर्जीपणा वेव्हरमध्ये चोख बसत होता. (नियम बघा कसा: श्रद्धेनं फुटलं तर भरा, वेंधळेपणानं फुटलं तर माफ.)

"लिहा सर, 'माझ्या हलगर्जीपणामुळे'."

"हलगर्जीपणा फार होतो हो. 'किंचित दुर्लक्ष' करा."

"किंचित चालत नाही."

"मग 'थोडं'."

"अहो, लिहून टाका की," सत्यवतीबाई म्हणाल्या. "वेदिकाचा फोन वाजतोय मघापासून."

"वाजू दे. स्वल्प थांब, जमत आलंय."

नुसत्या 'दुर्लक्षा'वर सौदा पटला. तेवढ्यात मागं हॉर्न वाजला. भाड्याच्या गाडीनं गल्ली अडली होती. अण्णांनी मान न वळवताच हात वर केला. "मागनं जावा हो. इथं कायद्याचं काम चाललंय."

हॉर्न थांबला. दार उघडलं.

"मागनं म्हणजे कुठं जाऊ, अण्णा? मस्कतला?"

वेदिका उभी होती. कडेवर बाळ, पायाशी बॅगा. सत्यवतीबाई भाकरतुकडा आणि पाणी आणायला आत धावल्या. वेदिकाला बॅगा ओढायच्या होत्या, बाळ द्यायला कुणाचे तरी हात हवे होते. अण्णांच्या एका हातात पेन होतं, दुसऱ्यात अर्ज. तिनं क्षणभर वाट पाहिली आणि बाळ मंजुनाथकडे दिलं.

"तुम्ही सही करा सर," तो म्हणाला. "मी आहे की."

आणि अण्णांनी सही केली.

"विमानतळावर जरा थांबले होते मी," वेदिका बॅग उचलत म्हणाली. "म्हटलं, कोण जाणे, याल."

"वेव्हर मंजूर झाला," अण्णा म्हणाले. पुढं कित्येक दिवस त्यांना वाटत राहिलं, की त्या घडीला दुसरं काहीही बोललो असतो तरी चाललं असतं.

सत्यवतीबाईंनी भाकरतुकडा ओवाळून टाकला, बाळाच्या डोळ्यांना पाणी लावलं. बाळ मंजुनाथचं ओळखपत्र चघळत मजेत होतं. अण्णांनी पेन खिशात ठेवलं, शर्टाला हात पुसले आणि दोन्ही हात पुढं केले. बाळानं त्यांना नीट न्याहाळलं, मंजुनाथच्या कॉलरीत तोंड खुपसलं आणि टाहो फोडला.

"राहू दे, अण्णा," वेदिका म्हणाली. "ओळखीच्या माणसाशिवाय ती कुणाकडे जात नाही."