एकोणीस मिलिमीटरचे बोट

सकाळी साडेनऊ वाजता मायक्रॉनकाकांच्या डाव्या हाताची तर्जनी सात नंबरच्या पत्रपेटीत अडकली. याला कारण त्यांचा त्या तर्जनीवरचा विश्वास.

चौतीस वर्षे ते एका कारखान्यात तपासनीस होते. तयार होऊन आलेला भाग मापात आहे की नाही, हे ठरवायचे त्यांचे काम. केसाएवढा फरक निघाला तरी माल परत. म्हणून कारखान्यात त्यांना मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरचा हजारावा हिस्सा, म्हणत, आणि निवृत्तीनंतर ते नाव इमारतीतही त्यांच्या मागोमाग आले. हाताशी साधन नसेल तर काका भोकाचे माप बोटाने घेत. करंगळी सोळा, तर्जनी एकोणीस मिलिमीटर, मधल्या सांध्यापाशी. हे माप कधी चुकले नव्हते, आणि काकाही ते लोकांना सांगायला कधी चुकले नव्हते.

जिन्याखाली बारा घरांच्या पत्रपेट्या पत्र्याच्या एकाच चौकटीत बसवल्या होत्या. सात नंबरचे कुलूप बिघडले होते. काकांनी ते काढले आणि नवे कोणत्या मापाचे आणायचे हे पाहायला पेटीच्या दारातल्या भोकात बोट घातले. जरासा जोर लागला. बोट घट्ट बसले.

"एकोणीस," काका समाधानाने म्हणाले.

मग बोट बाहेर येईना.

त्या वेळी तिसऱ्या मजल्यावर काकू चहाचे आधण ठेवून प्रार्थना करत होत्या. पाणी उकळायला चार मिनिटे लागत, तेवढीच त्यांची प्रार्थना. गेले चार महिने तिचा विषय एकच होता. काका बदलले होते. उन्हातही स्वेटर घालून बसत, पेपर वाचता वाचता झोपत, आवाज गंजलेल्या बिजागरीसारखा झाला होता. पण काकू खऱ्या घाबरल्या त्या मागच्या आठवड्यात. त्या बोलता बोलता म्हणाल्या, "ही खोली चांगली वीस फूट आहे." खोली साडेसोळा फूट होती, आणि काका काहीच बोलले नाहीत. अडतीस वर्षांच्या संसारात असे कधी झाले नव्हते.

डॉक्टरचे नाव काढले की काका म्हणत, "वय झालं की होतंच. माणूस म्हणजे काय मशीन आहे, उघडून बघायला?"

सुरुवातीला काकूंची मागणी मोघम होती. यांना बरं कर. मग त्यांनी ती नेमकी केली. यांना पाच मिनिटं डॉक्टरसमोर बसव. मार्गही सुचवून पाहिले: लेकीच्या फोनवरून होईल का, जावयाच्या शब्दाला मान देतील का. काहीच झाले नाही. त्या सकाळी त्यांनी सुचवणे सोडून दिले.

"पाच मिनिटं फक्त. कसं, ते तूच बघ," त्या म्हणाल्या आणि त्यांनी गॅस बंद केला.

चहा गार झाला तरी काका वर येईनात, म्हणून काकू खाली आल्या. काका पत्रपेटीसमोर शांत उभे होते.

"अहो, कुणाचं पत्र आलंय एवढं?"

"बोट अडकलंय."

"मग हाक नाही का मारायची?"

"हाक मारून बोट निघतं का?"

काकूंनी साबण आणला. उपयोग झाला नाही. मग तेल आणले. तेलाने बोट हलले, पण आतल्या बाजूला. एव्हाना ते टोमॅटोच्या रंगाचे झाले होते. समोरच्या रस्त्यावरचा ग्रिलवाला हे सगळे पाहत होता. तो पत्रा कापायचे यंत्र घेऊनच आला.

"दोन मिनिटांत कापतो, काकू."

"काय कापतोस?"

"पत्रा हो!"

"पण पत्रा कुठे संपतो आणि बोट कुठे सुरू होतं, ते कळतंय का तुला?"

"अंदाज असतो आपल्याला."

अंदाज हा शब्द त्या घरात शिवीसारखा होता. ग्रिलवाल्याने जिन्याखालच्या प्लगला जोडून यंत्र सुरू केले, ठिणग्या उडाल्या, आणि काकूंनी मागे वळून इमारतीचा मेन स्विच बंद केला. यंत्र थांबले. पाण्याचा पंपही थांबला. चौथ्या मजल्यावर इमारतीचे सेक्रेटरी आंघोळ करत होते, तेही थांबले.

ते खाली आले तेव्हा त्यांच्या खांद्यावर टॉवेल आणि एका कानात फेस होता.

"कुणी बंद केला पंप?"

"मी," काकू म्हणाल्या. "यांचं बोट अडकलंय."

सेक्रेटरींनी चौकटीभोवती एक फेरी मारली. "दवाखान्यात न्यायला हवं, काका."

"मी दवाखान्यात जाणार नाही," काका म्हणाले. "बोट पेटीत आहे. पेटी भिंतीला आहे. मी कसा जाणार?"

यात तर्काची चूक नव्हती. पण ग्रिलवाल्याने चौकटीला हात लावून पाहिले आणि म्हणाला, "चार स्क्रू आहेत नुसते. त्यातले दोन तर नाहीतच."

दहा मिनिटांत इमारतीची भिंत मोकळी झाली. ग्रिलवाल्याच्या टेम्पोत काका मागे बसले, मांडीवर बारा घरांची चौकट. एका बाजूला काकू, दुसऱ्या बाजूला सेक्रेटरी.

"तुम्ही कशाला येताय?" काकांनी विचारले.

"पेट्या इमारतीच्या मालकीच्या आहेत. अशा कुणाच्याही बोटाबरोबर बाहेर जाऊ देता येत नाहीत."

चौकातल्या सिग्नलला पोस्टमनने टेम्पो ओळखला नाही, पण पेट्या ओळखल्या. त्याने सायकल आडवी लावली.

"अहो, कुठे चालल्या या?"

"दवाखान्यात," काकू म्हणाल्या.

पोस्टमनने याचा क्षणभर विचार केला. मग थैली उघडली. "म्हणजे तिकडची चक्कर वाचली माझी. तीन नंबर, पाच नंबर, पाचचंच अजून एक, नऊ..." तो एकेक पत्र फटीतून टाकत गेला. "सात नंबर, काका, तुमचं आज काही नाही."

सिग्नल सुटला.

दवाखान्याच्या खिडकीतल्या बाईंनी मान वर न करता विचारले, "काय त्रास होतोय?"

"पत्रपेटी," काका म्हणाले.

बाईंनी मान वर केली.

आतली डॉक्टर तरुण होती आणि हसली नाही, याबद्दल काकूंनी मनात तिचे आभार मानले. तिने बोटाभोवती बर्फ लावला, चौकट टेबलावर नीट टेकवली आणि काकांना हात उंच धरायला सांगितले. "सूज थोडी उतरू दे. दहा मिनिटं असेच बसा. बोलूया तोवर."

काकूंनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिले. त्यांनी पाचच मागितली होती.

"बोट आत घातलंच कसं, काका?"

"एकोणीस मिलिमीटरचं आहे ते. भोकही एकोणीसचंच."

"कधी मोजलं होतं?"

"नोकरीला लागलो तेव्हा."

"कारखान्यात मापाची साधनं एकदाच तपासायचात?"

काकांना हा अपमान वाटला. "छे! दर सहा महिन्यांनी. साधन वापरून बदलतं. न तपासलेल्या साधनावर विश्वास ठेवणारा माणूस तपासनीस नव्हे."

"आणि बोट?"

काकांनी बर्फातल्या बोटाकडे पाहिले. डॉक्टरने त्यांच्या उजव्या मनगटावर बोटे ठेवली होती. तिने मिनिटभर मोजले, मग पुन्हा मिनिटभर मोजले. "अठ्ठेचाळीस ठोके. कमी आहेत. आवाज नेहमी असाच बसलेला असतो?"

"चार महिने झाले," काकू म्हणाल्या.

"थंडी वाजते? झोप फार येते?"

"हे सगळं वयानं..." काकांनी सुरुवात केली.

"अहो, त्या विचारतायत तर सांगा की! आणि खोलीचं पण सांगा. ही खोली वीस फूट म्हटलं मी, तर काही बोलले नाहीत, डॉक्टर."

डॉक्टरला हे लक्षण पुस्तकात वाचल्याचे आठवेना, पण तिने ते लिहून घेतले. मग काकांच्या पापण्या पाहिल्या, घोटे पाहिले, गळा चाचपला. "बोट सुजलंय, काका. आत्ता अडकल्यामुळे नाही, आधीपासून. चेहरा सुजलाय, पाय सुजलेत. रोज थोडंथोडं, म्हणून कळलं नाही. रक्त तपासू."

तिने एक मजबूत दोरा घेतला. त्याचे एक टोक पत्र्याखालून सरकवले, उरलेल्या दोऱ्याचे बोटाच्या टोकापर्यंत घट्ट वेढे दिले आणि मागचे टोक ओढत वेढे सोडवत गेली. पत्रा दोऱ्यावरून सरकत सरकत आला आणि बोट सुटले. दाराबाहेर सेक्रेटरींनी टाळ्या वाजवल्या आणि लगेच चौकट ताब्यात घेतली.

रक्ताचा निकाल संध्याकाळी आला. गळ्यातली थायरॉइडची ग्रंथी जवळजवळ झोपी गेली होती. रोज सकाळी उपाशीपोटी एक लहानशी गोळी, एवढाच उपाय.

"आणि असंच चाललं असतं तर?" काकूंनी हळूच विचारले.

"हृदयावर बेतलं असतं. पुष्कळ लोक वय झालं म्हणून बसून राहतात. बरं झालं, बोट घातलंत."

घरी आल्यावर काकू बराच वेळ खिडकीशी उभ्या होत्या. डोळे पुसत त्या म्हणाल्या, "त्यानं ऐकलं हो माझं."

"कुणी?"

काकूंनी चार महिन्यांची प्रार्थना सांगितली. काका पट्टी बांधलेले बोट पाहत राहिले. "यात देवाचं काय? बोट सुजलेलं, भोक एकोणीसचं. अडकणारच."

"अडकणारच. पण भोक अर्धा मिलिमीटर लहान असतं तर बोट गेलंच नसतं. अर्धा मिलिमीटर मोठं असतं तर लगेच निघालं असतं. मग तुम्ही कुलूप आणायला गेला असता आणि येऊन झोपला असता."

काका विचारात पडले. चौतीस वर्षे त्यांनी दुसऱ्यांच्या मापातल्या चुका काढल्या होत्या. त्यांनी हिशोब उलटसुलट करून पाहिला.

"माप चांगलं राखलंय," शेवटी ते म्हणाले. याहून मोठी स्तुती त्यांनी कारखान्यातल्या कुणाचीच केली नव्हती.

दोन महिने गेले. एका सकाळी सेक्रेटरी काकूंच्या दारात आले. ते थकलेले दिसत होते.

"काकू, काका आता बरे आहेत ना?"

"अगदी! स्वेटर कपाटात गेला, आवाज मोकळा झाला."

"तो आवाज मला चौथ्या मजल्यावर ऐकू येतो. काल त्यांनी जिन्याच्या सगळ्या पायऱ्या मोजल्या. नववी पायरी सहा मिलिमीटर कमी आहे म्हणे, फोडून परत बांधा. परवा गच्चीचा उतार चुकीच्या बाजूला आहे म्हणाले, आणि तो आहेच, हे जास्त वाईट. सकाळी सहाला दार वाजवतात हो!" सेक्रेटरींनी आवाज खाली आणला. "तुमचं वर चालतं, असं ऐकलंय. जरा सांगून बघा ना. पूर्वीसारखं नको, पण थोडंसं हळू."

"नाही हो, भाऊ," काकू हसत म्हणाल्या. "आता मी आभार तेवढे मानते. मागत काही नाही. पाच मिनिटं मागितली होती, तर त्यानं तुम्हाला अर्ध्या आंघोळीतून उठवलं, पंप बंद केला आणि बारा घरांची पत्रं दवाखान्यात नेली. तुमच्यासाठी काही मागायचं म्हणजे तो काय काय करेल, सांगता येत नाही."

सेक्रेटरींनी नकळत कानावर हात नेला.

तेवढ्यात खालून जिना दणाणला. "अगं ए! कुठे आहेस? टेपचं दुसरं टोक धर जरा!"

"आले, आले!" म्हणत काकूंनी पायांत चपला सरकवल्या आणि सेक्रेटरींना दारातच सोडून त्या भराभर खाली उतरल्या.