परतवाड्याचा शिलेदार

मन्नानभाई स्कूटरवरून उतरले की लगेच दुकानात शिरत नसत. आधी हँडल धरून तिला दुकानासमोर हळूहळू फिरवत. "धावून आलेल्या जनावराले एकदम उभं नाई करत, मास्तर. थंड होऊ द्या तिले." मग तिला फडक्याने पुसत, टाकीचं झाकण उघडून पेट्रोल बघत आणि त्यानंतरच चहाचा पेला तोंडाला लावत. आधी घोडा, मग सवार, हा त्यांच्या घराण्याचा कायदा. परतवाड्यात नवा आलेला माणूस हे पाहून हसायचा. आम्ही जुने लोक त्याला गप्प करायचो.

घराणं म्हणजे त्यांचे खापरपणजोबा, रिसालदार दिलावरखान. निजामाच्या नावाने आणि इंग्रजांच्या हुकमाने चालणारं घोडदळ आमच्या परतवाड्याच्या छावणीत होतं, त्या काळातली गोष्ट. घरची घोडी घेऊन ते साधे सवार म्हणून भरती झाले आणि रिसालदार होऊन परतले. मन्नानभाई आता मोटारसायकलींच्या सीटची कव्हरं शिवतात, पण माप खोगिराचं घेतल्यासारखं घेतात. भिंतीवर रिसालदारांची रिकीब, म्हणजे घोड्यावर बसताना पाय ठेवायची कडी, टांगलेली आहे. एकच. दुसरी कुठे, असं विचारलं की त्यांना एकदम गिऱ्हाईक आठवायचं.

"त्या फौजेत घोडा सरकार नोयती देत. ज्याचा सोताचा घोडा, तो शिलेदार. दुसऱ्याच्या घोड्यावर बसे, तो बारगीर." हा शेवटचा शब्द ते शिवीसारखा वापरतात. मेहुण्याची गाडी घेऊन आलेलं गिऱ्हाईक बारगीर. सरकारी जीपमधून उतरणारे साहेब तर फारच मोठे बारगीर.

रिसालदारांनी गोळ्यांच्या माऱ्यात घोडी नदीत घातली, ही गोष्ट ते कात्री परजून सांगत. मी पडलो इतिहासाचा मास्तर, पुरावा मागायचो. मग पुढच्या वेळी नदीला आणखी पाणी चढायचं.

मी त्यांचा सख्खा शेजारी, पण मला त्यांनी कधी मागे बसवलं नाही. "एका घोड्यावर एकच सवार. दोघं बसले का पाठ मोडते तिची." स्कूटर खरंच म्हातारी झाली होती. मी पायी घरी निघालेला असायचो आणि ते शेजारून सलाम करून निघून जायचे.

मागच्या उन्हाळ्यात भर दुपारी बसस्टँडसमोर माझ्या छातीत कळ आली. मी फुटपाथवरच बसलो. ऑटो एक दिसेना. तेवढ्यात मन्नानभाई आले.

"बसा मांगं."

मी तशातही म्हणालो, "एका घोड्यावर..."

"चूप बसा, मास्तर."

गळ्यातला दुपट्टा त्यांनी आम्हा दोघांच्या कमरेभोवती घट्ट बांधला आणि स्कूटर पिटाळली. दवाखान्याच्या फाटकात ती खडखडली आणि बंद पडली. मी वाचलो. ती काही वाचली नाही.

बरा झाल्यावर दुकानात गेलो. इंजिन बसलं होतं आणि मिस्त्रीने हात टेकले होते. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"माझ्यापायी तुमची गाडी गेली, मन्नानभाई."

त्यांनी भिंतीवरची रिकीब काढून मांडीवर घेतली. "नदीची गोष्ट मी तुमाले अर्धीच सांगतली. तवा ते साधे सवार होते. घोडीवर एकले नोयते. मांगं जखमी दोस्त होता, दुपट्ट्यानं बांधलेला. दोघायले घेऊन तिनं नदी पार केली अन् काठावर पडली. एक रिकीब त्यायनं तिच्यासंग मातीत देली. घोडी गेली, शिलेदारी गेली. लय दिवस बारगिरी केली त्यायनं. सोताची घोडी घेऊन रिसालदार झाले ते मांगून."

"मग हे कधी सांगितलं नाहीत?"

"आपल्याच घरातला मानूस बारगीर होता म्हनाले लाज वाटे." मग मान ताठ करून म्हणाले, "आता नाई वाटत. आज मीबी भाच्याच्या गाडीवर आलो."

त्या माणसाचा मला इतका अभिमान वाटला की पुरावा मागायचं सुचलंच नाही.

चहा आला. पेले निवत चालले, तरी मन्नानभाई हात लावेनात. कोपऱ्यात स्कूटर उभी होती. मी फडकं घेतलं आणि तिला पुसायला लागलो. पुसून झाल्यावर त्यांनी माझा पेला पुढे सरकवला आणि मग स्वतःचा उचलला.