टायरला घाम आला की

उन्हाळा लागला की आमच्या गल्लीत गजभिये काकांचा फोन कुणी चटकन उचलत नाही. त्यांचं नाव दिसलं की माणसं आधी स्वतःची नाडी बघतात आणि मग फोन कानाला लावतात. कारण काका 'कसे आहात' वगैरे विचारत बसत नाहीत. थेट सांगतात, "तुमच्या गाडीच्या टायरले घाम आला. तब्येत सांभाळजा."

गाडी म्हणजे आपल्या दारातली नव्हे, काकांच्या कपाटातली.

काका बस डेपोत टायर विभागात होते. निवृत्त झाल्यावर त्यांनी नागपुरात प्रताप नगरातल्या आमच्या गल्लीतल्या प्रत्येक घराची गाडी तयार करायला घेतली. तळहातावर मावेल एवढी. बाजारातून मॉडेल आणायचं आणि रंग, नंबर, ओरखडे सगळं खऱ्यासारखं करायचं. देशपांडे वहिनींच्या मोपेडचा आरसा तुटका आहे, म्हणून कपाटातल्या मोपेडचाही तुटका. आमच्या पांढऱ्या कारच्या डाव्या दाराला पोचा आहे. तो माझ्या वडिलांनी रामटेकच्या गडावरून उतरताना पाडला होता, आणि आमच्या घरात त्याबद्दल बोलायची बंदी होती. काकांनी तोही जसाच्या तसा उतरवला. वडील त्यांच्याशी महिनाभर बोलले नाहीत.

या छोट्या गाड्यांचं दुखणं एकच, टायर. काही वाळून तडकतात, काही चिकट होतात. चिकट झालेल्यांतून तेल सुटतं, त्यालाच काका घाम म्हणतात, आणि ते तेल खालच्या प्लॅस्टिकच्या चाकाला खात जातं. मग काका गरम पाण्याची वाटी, चिमटा आणि दात कोरायच्या काड्या घेऊन बसतात. जुना टायर सोलून काढायचा, चाक स्पिरिटने पुसायचं, आणि सीताबर्डीतून आणलेलं रबरी कडं गरम पाण्यात मऊ करून त्यावर चढवायचं. हे करताना ते श्वासही जपून घेतात. काही विचारलं तर एवढंच म्हणतात, "रबर बोलत नाही. सांगते."

इथवर हा निरुपद्रवी छंद होता. मग बोरकर सरांचं झालं.

बोरकर सर निवृत्त मुख्याध्यापक. घरी एकटेच, मुलगी कॅनडात. एका एप्रिलमध्ये काकांनी त्यांना फोन करून स्कूटरच्या मागच्या टायरला घाम आल्याचं कळवलं. सर भडकले. "गजभिये, मी आयुष्यभर विज्ञान शिकवलं. टायरला घामाच्या ग्रंथी नसतात!" गल्ली चार दिवस हसली. पाचव्या दिवशी सकाळी सरांचं दार उघडलं नाही. काकांनी दोनदा हाक मारली आणि सरळ घरून जॅक आणून मागच्या खिडकीची जाळी उचकटली. सर आदल्या संध्याकाळपासून न्हाणीघरात पडून होते. कंबरेचं हाड मोडलं होतं. दवाखान्यात शुद्धीवर आल्यावर त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "गजभिये, आता टायर कसा आहे?"

त्यानंतर गल्ली हसली नाही. देशपांडे वहिनींना फोन आला तेव्हा त्यांनी मोपेडला हळदकुंकू वाहिलं आणि दोन्ही मुलांना पुण्याहून बोलावून घेतलं. भुसारींना तर फोनही आला नव्हता. त्यांनी आपणहून जुनी गाडी विकून नवी घेतली आणि ती चादर टाकून झाकून ठेवली, काकांना रंग कळू नये म्हणून. तिसऱ्या दिवशी ती कपाटात आली होती. चादरीसकट.

यंदाच्या मे महिन्यात माझा नंबर लागला.

वडील जाऊन दोन वर्षं झाली, आई त्याच्याही आधी गेली. घरात मी एकटीच. त्या आठवड्यात डोकं जड वाटत होतं म्हणून बँकेतून रजा घेतली होती. दुपारचे तीन वाजले असतील. गल्लीत कुत्रंही नव्हतं. बेल वाजली. दारात डोक्याला ओला दुपट्टा बांधलेले गजभिये काका. त्यांनी फोन केला नव्हता, स्वतः आले होते. आणि मी त्यांना पहिल्यांदाच घाबरलेलं बघत होते.

"शोभे, तुह्या बाबाच्या गाडीले घाम आला."

"काका, बाबा जाऊन दोन वर्षं झाली."

"तेच तं म्हणून राहिलो मी. गेलेल्या माणसाच्या गाडीले घाम येत नाही. आजवर नाही आला."

मी हसले. पण त्यांच्यामागून गेले.

त्यांच्या खोलीच्या खिडक्या बंद होत्या. ओल नको म्हणून कूलरही बंद. स्पिरिटचा आणि जुन्या रबराचा वास दाटला होता. कपाटात गाड्यांच्या रांगा, सगळ्यांची तोंडं आमच्याकडे. गेलेल्यांच्या गाड्या सगळ्यात खालच्या फळीवर, दहा-बारा तरी असतील. सगळ्या कोरड्या, पुसलेल्या. फक्त आमची पांढरी गाडी एका ओल्या डागात उभी होती. मागच्या डाव्या चाकाखाली एक तपकिरी थेंब जमला होता. आम्ही बघत असतानाच तो फळीच्या कडेशी आला आणि खाली पडला.

"हे टायर मी थंडीतच चढवले," काका हळू आवाजात म्हणाले. "पक्कं रबर. याच्यातून तेल सुटतच नाही. धर गाडी."

मी गाडी दोन्ही हातांत धरली. काकांनी चिमट्याने टायर ओढला. तो तुटला नाही, नुसता लांबत गेला, गुळाच्या पाकाच्या तारेसारखा. खालचं चाक निम्मं विरघळलं होतं. मला हुडहुडी भरली. नागपुरात, मे महिन्यात, भर दुपारी.

"गाडी इकली का वं तू?"

"नाही. मागे शेडमध्येच उभी आहे."

"नावावर कोणाच्या आहे?"

"बाबांच्याच होती. ते कागद राहूनच गेले होते. गेल्या मंगळवारी माझ्या नावावर झाली."

चिमटा हवेतच थांबला. काकांनी गाडीवरची नजर काढून माझ्याकडे बघितलं.

"शोभे," ते म्हणाले, "तुले घाम काहून नाही येऊन राहिला?"

मी कपाळाला हात लावला. कपाळ तव्यासारखं तापलं होतं आणि कोरडं ठणठणीत होतं. त्यांच्या शर्टावर पाठीला, काखेत घामाचे मोठे मोठे डाग होते. मी काहीतरी बोलायला गेले, आणि फरशी एकदम माझ्या तोंडाजवळ आली.

पुढचं मला लोकांनी सांगितलं. काकांनी दुपट्टा भिजवून माझ्या अंगावर टाकला, रस्त्याच्या मधोमध उभं राहून ऑटो अडवला, आणि दवाखान्याच्या दारापासून ओरडत आत नेलं. ऊन डोक्यात गेलं होतं. संध्याकाळपर्यंत घरीच पडून राहिले असते तर उपयोग नव्हता, असं डॉक्टर म्हणाले. मी तीन दिवस तिथे होते, आणि तिन्ही दिवस काका बाहेरच्या बाकावर बसून होते.

घरी आल्यावर दोन दिवसांनी मी त्यांच्याकडे गेले. ते बोरकर सरांच्या स्कूटरचं चाक पुसत होते.

"काका, तुम्हाला खरंच आधी कळतं?"

"मले काय कळते डोंबल?" ते वर न बघता म्हणाले. "उन्हाळ्यात रोजच कोणाच्या ना कोणाच्या टायरले घाम येते. सगळ्यायले थोडी फोन करतो मी? ज्याच्या घरी दुसरं माणूस नाही, त्यालेच करतो. नुसतं 'कसे आहा' म्हटलं तं 'बरा आहे' म्हणून ठेवून देते लोक. टायरचं सांगितलं का भेतात. आठ दिवस सोताकडे पाहतात. अन् मले जाऊन दार वाजवायले कारण भेटते."

बोरकर सर, देशपांडे वहिनी, मी. मी मनातल्या मनात नावं घेतली.

"आणि बाबांच्या गाडीचं?"

"ते मलेही नाही समजलं," ते म्हणाले. "मी त्याचा इचार करत नाही."

आमची पांढरी गाडी आता वरच्या फळीवर होती, नव्या चाकावर उभी. मी सगळ्या रांगा पुन्हा एकदा बघितल्या. काकांची जुनी स्कूटर अंगणात रोज दिसते. इथे ती कुठेच नव्हती.

"तुमची गाडी नाही केली?"

"माही नाही ठेवली."

"का?"

"तिच्या टायरले घाम आला, तं मले सांगायले कोण येईन?" असं म्हणून ते हसले. मग एक नवं कडं गरम पाण्याच्या वाटीत सोडलं. "मऊ व्हायले टाईम लागते याले. तुले जायचं असंन तं जाय."

मी बसून राहिले.