उथळ पाणी आणि नव्या बाई

शाळेच्या दारातल्या फळ्यावर ‘आजचा सुविचार’ हे शब्द पक्क्या रंगात रंगवलेले होते. त्याखाली ‘उथळ पाण्याला खळखळाट फार’ असं सुरेख वळणात लिहून चित्रकलेचे सर हात धुवायला गेले. परत येऊन पाहतात तो, हेडक्लार्कनी खालच्या मोकळ्या जागेत सूचना लिहून टाकलेली : ‘नव्या मुख्याध्यापिकांचे भाषण’.

सरांनी दोन्ही ओळी सलग वाचल्या आणि कपाळावर हात मारला. त्यांची नोकरी अजून कायम झालेली नव्हती आणि ती करायची की नाही, हे याच नव्या बाई ठरवणार होत्या.

खेळाच्या सरांनी फळा वाचला आणि त्यांच्या तोंडातली शिट्टी गळून पडली.

“आल्या आल्या बाईंना उथळ म्हणालात?”

“मी कुठं म्हणालो? खालची ओळ माझी नाही हो! पुसू का ती?”

“हेडक्लार्कचं अक्षर? जिवावर उदार झालात का? आपलं तेवढं पुसा.”

सरांनी पुसलं आणि भाषणाला शोभेल म्हणून लिहिलं, ‘बोलणाऱ्याची माती खपते, न बोलणाऱ्याचं सोनंही खपत नाही.’

“म्हणजे बाईंचं भाषण माती?”

पुन्हा डस्टर. ‘ऐकावे जनाचे, करावे मनाचे.’

“म्हणजे भाषण ऐका आणि सोडून द्या!”

म्हणी एकेकट्या मोठ्या गुणाच्या असतात. शेजारी कोण बसलंय, त्यावर त्यांचं वागणं ठरतं. अगदी वर्गातल्या मुलांसारखं. घाबरलेल्या सरांना आता ‘नव्याचे नऊ दिवस’ सोडून दुसरं काही आठवेना. तेही त्यांनी लिहिलं, स्वतःच वाचलं आणि स्वतःच किंचाळले.

एवढ्यात फाटक वाजलं.

“आल्या!” खेळाचे सर म्हणाले आणि खांबाआड गेले.

सरांनी बाहीनेच आपली ओळ पुसली. नाकाला खडू, हातात खडू, डोक्यात काहीच नाही. बाई समोर येऊन थांबल्या. त्यांनी चष्मा सारखा केला आणि वरून खाली सावकाश वाचलं.

“आजचा सुविचार... नव्या मुख्याध्यापिकांचे भाषण.”

सरांनी डोळे मिटून घेतले.

“हे कुणी लिहिलं?”

खांबाआडून एक बोट सरांकडे वळलं.

“इतक्या वर्षांत इतका मान मला कुणी दिला नाही हो, सर,” बाईंनी चष्मा काढून पुसला. “हे पुसू नका. रोज राहू दे. मीही रोज बोलेन.”

त्या दिवशी पोरं या पायावरून त्या पायावर झाली, पुढची रांग खाली बसली, तरी भाषण चालूच होतं. खेळाचे सर दातओठ खात कुजबुजले, “तुमचं पहिलंच काय वाईट होतं हो?”

पुढे सर नोकरीत कायम झाले. भाषण मात्र त्याच दिवशी कायम झालं होतं.