बावीस मिनिटं आणि दोन चौकटी

सकाळी सव्वासहाला समीक्षकबुवांनी दारातच पेपर उघडला, सातवं पान काढलं आणि अशी काही किंकाळी फोडली, की आत दात घासत असलेली त्यांची बायको ब्रश तोंडात तसाच ठेवून धावत आली.

"काय झालं? कोण गेलं?"

"मी! मी गेलो! तेवीस वर्षांचं नाव गेलं!"

बायकोने त्यांना वरपासून खालपर्यंत पाहिलं. माणूस धडधाकट दिसत होता. तिने शांतपणे जाऊन चूळ भरली, चष्मा लावला आणि मग पेपर हातात घेतला. तेवीस वर्षांच्या संसारात, म्हणजे सिनेमाच्या सदरासोबतच्या संसारात, ती एवढं शिकली होती.

दर शुक्रवारी सातव्या पानावर बुवांचं चित्रपट परीक्षण येई. वर थोडक्यात गोष्ट आणि खाली शेजारी शेजारी दोन चौकटी: डावीकडे 'जमेच्या बाजू', उजवीकडे 'उणिवा'. या चौकटी म्हणजे बुवांचा जीव की प्राण. त्यात ते एकही विशेषण लिहीत नसत. 'सुंदर', 'कंटाळवाणं', 'अप्रतिम' हे शब्द आळशी समीक्षकांसाठी असतात, असं ते ऑफिसातल्या प्रत्येक नव्या माणसाला ऐकवत. आपण फक्त घडलं ते सांगायचं. चांगलं की वाईट, ते चौकटीचा मथळा सांगेल!

आणि आज नेमका तिथेच घात झाला होता. 'उडत्या बेटाची किल्ली' या नव्या कार्टूनपटाच्या परीक्षणात, दोन्ही चौकटींतला मजकूर इकडचा तिकडे पडला होता.

बायकोने मोठ्याने वाचलं. "जमेच्या बाजू. मधली बावीस मिनिटं काहीही घडत नाही. म्हातारं कासव ढगावर बसून राहतं, नायिका त्याच्या शेजारी बसते. कुणी बोलत नाही. प्रेक्षागृहातली मुलं झोपी जातात." तिने मान डोलावली. "चांगलं लिहिलंय की."

"अगं, त्या उणिवा आहेत!"

"हो का? आणि हे? उणिवा: बडबडी खार पहिल्यापासून शेवटपर्यंत तोंड मिटत नाही. एक पाठलाग संपतो न संपतो तोच दुसरा सुरू होतो. रंग घरी आल्यावरही डोळ्यांपुढे नाचत राहतात."

"त्या जमेच्या! अगं, खार हाच तर त्या पिक्चरचा प्राण आहे!"

"अहो, पण असंच बरोबर वाटतंय," बायको म्हणाली आणि पेपर घडी करून स्वयंपाकघरात गेली.

बुवांच्या जिवाला लागावं असं आणखीही एक कारण होतं. गेल्याच आठवड्यात संपादकाने त्यांना केबिनमध्ये बोलावून, नजर टाळत सांगितलं होतं, की सदराला वर्षभरात एकच पत्र आलंय आणि तेही थिएटरच्या खुर्च्यांबद्दल. महिनाअखेर सदर बंद करून तिथे शब्दकोडं मोठं करायचं घाटत होतं. आडवे-उभे शब्द बुवांच्या जागेवर! त्यात आता ही शोभा. निदान जाताना तरी नाव राखून जावं, एवढीच बुवांची इच्छा उरली होती.

ते तावातावाने जिना उतरले, तर तळमजल्यावरच्या दातांच्या डॉक्टरीणबाईंनी त्यांना वाटेतच गाठलं. बाईंना तीन वर्षांची जुळी मुलं होती, आणि गेली तीन वर्षं बाईंच्या डोळ्यांखाली काळं होतं.

"काका, खरंच झोपतात का हो?"

"कोण?"

"मुलं! बावीस मिनिटं! तुम्ही लिहिलंय ना जमेच्या बाजूत? मी दवाखाना बंद ठेवलाय दुपारी. चारच्या खेळाची सगळी तिकिटं गेली होती, कशीबशी पाच मिळाली. आमच्या अख्ख्या पालकांच्या ग्रुपवर तुमचंच कात्रण फिरतंय!" बाईंनी हात जोडले. "इतकी वर्षं सगळे समीक्षक पिक्चरचं कौतुक करतात. आईबापांचा विचार तुम्ही पहिल्यांदा केलात."

बुवांनी घाईघाईने रिक्षा गाठली.

ऑफिसात तर बाजार भरला होता. टेलिफोनवरची बाई दोन रिसीव्हर दोन कानांना लावून बसली होती. संपादक केबिनच्या बाहेर येऊन नाचायचाच काय तो बाकी होता.

"काका! एकेचाळीस फोन! साडेनऊपर्यंत! खारीवर कुणीतरी खरं बोललं म्हणून एका आजोबांनी रडत फोन केला!"

"चौकट चुकलीय," बुवा कडाडले. "मजकूर उलटा पडलाय! पानं कोणी लावली?"

पानं लावली होती जाहिरात विभागातून महिन्याभरापूर्वी बदलून आलेल्या बाईंनी. बाई अतिशय टापटीप. त्यांनी कालचे दोन्ही कागद फायलीतून काढून समोर ठेवले. बुवा अजून हातानेच लिहीत, प्रत्येक चौकटीचा वेगळा कागद, आणि कागदावर मथळा म्हणून नाही. मथळा पानावर छापलेलाच असतो, मग तो पुन्हा कशाला लिहायचा, हा त्यांचा बाणा.

"कागद क्रमांक एक मी पहिल्या चौकटीत टाकला सर, आणि क्रमांक दोन दुसऱ्या. काय चुकलं?"

"अहो, मी उणिवा आधी लिहितो! पहिला कागद उणिवांचाच असतो! तेवीस वर्षं!"

"हे कुठे लिहिलेलं आहे का, सर?"

"लिहायला कशाला हवं? तुमच्या आधीच्या अण्णांना ठाऊक होतं!"

"अण्णा निवृत्त झाले, सर," बाई म्हणाल्या, पण त्यांनी लगेच एक पिवळी चिठ्ठी काढली, स्वच्छ अक्षरात लिहिलं 'परीक्षण: पहिला कागद = उणिवा', खाली दोन रेघा मारल्या आणि चिठ्ठी कॉम्प्युटरच्या माथ्यावर डकवली. "आता जन्मात चूक नाही."

संपादकाला दुरुस्ती छापायची अजिबात इच्छा नव्हती. "काका, लोक आत्ता कुठे तुम्हाला वाचायला लागलेत! असंच राहू द्या ना!"

"माझ्या नावावर माझंच मत पाहिजे," बुवांनी टेबलावर मूठ आपटली. "उद्याच्या अंकात. त्याच मापात. दोन्ही चौकटींसकट!"

आणि ते लिहायला बसले. पुन्हा घोटाळ्याला जागाच नको, म्हणून तेवीस वर्षांत पहिल्यांदा त्यांनी जमेच्या बाजू आधी लिहिल्या: कागद क्रमांक एकवर खार, पाठलाग, रंग. कागद क्रमांक दोनवर उणिवा. आता आंधळाही चुकणार नाही! बाई जेवायला गेल्या होत्या, म्हणून बुवांनी दोन्ही कागद त्यांच्या ट्रेमध्ये ठेवले, वर वजन ठेवलं आणि समाधानाने हात झटकले.

तीनला फोन वाजला. पलीकडे एका बाईचा आवाज होता, दबलेला, धाप लागल्यासारखा.

"मी 'किल्ली'ची दिग्दर्शिका. तुम्हाला वेळ आहे का?"

बुवा ताठ बसले.

"सात वर्षं लागली मला हा पिक्चर करायला. पैसे घालणारे म्हणत होते, ती बावीस मिनिटं कापा. मी हट्टाला पेटले. शेवटी म्हणाले, ठेवा, पण मग खार घाला. ती खार माझी नाही हो! सकाळपासून सगळे परीक्षणवाले खारीचे गोडवे गाताहेत. तुम्ही एकटे... तुम्हा एकट्यालाच कासव दिसलं." तिने आवाज आणखी खाली आणला. "ते कासव म्हणजे माझे वडील. शेवटच्या वर्षी असेच गॅलरीत बसून असायचे. मी शेजारी बसायचे. कुणी बोलायचं नाही. सांगा ना, तुम्हाला त्यात नेमकं काय आवडलं?"

"ते... असं फोनवर नाही सांगता येणार," बुवा कसेबसे म्हणाले.

"बरोबर आहे," ती हळूच म्हणाली. "नाहीच सांगता येत."

फोन ठेवल्याबरोबर बुवांनी घरी लावला. "अगं, बुधवारी आपण तो पिक्चर बघितला, त्यात कासव ढगावर बसतं तेव्हा काय काय होतं?"

"मला काय विचारता? तुमच्या घोरण्याने पुढच्या रांगेतला माणूस चारदा मागे वळला, तेवढंच माझ्या लक्षात आहे. मी तुम्हाला कोपर मारण्यात गुंतले होते."

झालं! बुवांनी घड्याळ पाहून कासव बसण्याची वेळ टिपली होती, मग खारीच्या किंचाळण्याने दचकून जागे होऊन ते उठण्याची वेळ टिपली होती आणि मधे बावीसचा आकडा मांडला होता. शेजारची मुलं झोपलेली त्यांनी जाग आल्यावर पाहिली. आधी कोण झोपलं, हा प्रश्न त्यांनी स्वतःला विचारलाच नव्हता.

"तयार राहा," ते ओरडले. "चारचा खेळ!"

तिकिटं नव्हतीच. डॉक्टरीणबाईंच्या नवऱ्याने उदार मनाने आपलं तिकीट दिलं, बाईंच्या आईनेही दिलं. तेवढंच दोघांना घरी जाऊन झोपता येणार होतं. थिएटरात आईबाप उशा, पांघरुणं, मुलांची खेळणी घेऊन आले होते. पहिला तासभर खारीने आणि पाठलागांनी कानठळ्या बसवल्या. मग कासव थकलं आणि ढगावर टेकलं.

बुवांनी खिशातलं पेन काढलं आणि पुन्हा खिशातच ठेवून दिलं. कासव श्वास घेत होतं. मुलीने त्याच्या पाठीला गाल लावला. तिला काहीतरी सांगायचं होतं. ओठ हलले, मग तिने विचार बदलला. ढगाची सावली खालच्या समुद्रावरून सरकत गेली. थिएटरातली मुलं एकेक करत निजली, डॉक्टरीणबाईंची जुळी एकमेकांवर डोकं टाकून निजली, आणि बाई दोन्ही गालांवर हात ठेवून, तोंड उघडं टाकून पडद्याकडे पाहत राहिल्या. बायकोने बुवांचा हात धरला. दर आठवड्याला पिक्चर बघताना या हातात कायम पेनच असायचं. वारा आला तेव्हा मुलीच्या कपाळावरची एकच बट हलली, आणि बुवा चक्क रडले.

इतक्यात खार किंचाळली. दोनशे पोरं खाडकन जागी झाली.

"कोणी सोडली ही अवदसा इथे?" बुवा खुर्चीतून उठून ओरडले, आणि सगळ्या थिएटरने टाळ्या वाजवल्या.

आता दुरुस्ती थांबवायला हवी होती! ऑफिसचा फोन लागेना, म्हणून बायकोला तिथेच सोडून ते सुटले. रिक्षा मिळेना म्हणून अर्धं अंतर पळाले. सातवं पान सहा वाजता छपाईला सुटतं, आणि बुवा धापा टाकत दारात पोचले तेव्हा सहा वाजून दहा मिनिटं झाली होती.

"पान?" त्यांनी दाराला धरून विचारलं.

"केव्हाच सुटलं, सर," टापटीप बाई पर्स आवरत म्हणाल्या. "काळजी करू नका. अगदी चिठ्ठीप्रमाणे लावलंय."

बुवा मटकन खुर्चीत बसले. उद्या सकाळी ती दिग्दर्शिका पेपर उघडणार, आणि ज्याला एकट्याला कासव दिसलं, त्याच्याच नावाखाली तिचे वडील 'उणिवां'त वाचणार.

शनिवारी सकाळी त्यांनी पेपरला हात लावला नाही. तोंड भिंतीकडे करून पडून राहिले. बायकोनेच वाचला.

"'कालच्या परीक्षणात नजरचुकीने दोन चौकटींतील मजकुराची अदलाबदल झाली होती. तो योग्य चौकटींत पुन्हा देत आहोत.'" ती थांबली. "अहो, हे कालच्यासारखंच आहे."

"काय?"

"जमेच्या बाजू: मधली बावीस मिनिटं काहीही घडत नाही. म्हातारं कासव..."

बुवांनी पेपर हिसकावला. पाहिलं. पुन्हा पाहिलं. मग त्यांना ती पिवळी चिठ्ठी आठवली, तिच्याखालच्या दोन रेघांसकट. पहिला कागद म्हणजे उणिवा! बाईंनी जन्मात चूक करायची नाही असं ठरवलं होतं आणि शब्द पाळला होता. बुवा पलंगावर बसून हसत सुटले.

आधी संपादकाचा फोन आला. "काका, घोळ झालाय पुन्हा. पण फोन थांबत नाहीयेत! शब्दकोडं मरू दे. सदर चालू! फक्त आता दुरुस्तीची दुरुस्ती तेवढी मागू नका, पाया पडतो."

"नको," बुवा म्हणाले. "छापलंय तेच माझं मत आहे."

मग दिग्दर्शिकेचा आला. "काल कुणीतरी दबाव आणला असेल ना तुमच्यावर? आणि तरी तुम्ही आज तेच पुन्हा ठणकावून छापलंत!"

आता मात्र बुवांना राहवेना. "बाई, खरं सांगतो. पहिल्यांदा ती बावीस मिनिटं मी झोपून काढली. घोरत होतो. चौकटी चुकून उलट्या पडल्या, दोन्ही वेळा. कासव मला दिसलं ते काल संध्याकाळी."

ती पलीकडे खळखळून हसली.

"म्हणजे कासव जमलंय! अहो, वडिलांशेजारी बसलं की मलाही हमखास डोळा लागायचा. जागी व्हायचे तेव्हा ते तसेच बसलेले असायचे. रडायला यायचं ते नंतर."

बुवांनी फोन ठेवला. बायकोने विचारलं, "आता पुढच्या शुक्रवारी आधी काय लिहिणार? उणिवा की जमेच्या?"

"ते नंतर बघू," बुवा म्हणाले. "आधी दोन तिकिटं काढ. आणि मला कोपर जरा जोरात मारत जा."