गच्चीवरची गजी

आमच्या बिल्डिंगमध्ये कोण किती पाण्यानं आंघोळ करतं, हे बापू हवालदारांना तळमजल्यावर बसून कळतं. मोरीच्या पाण्याचा पाइप त्यांच्या खिडकीजवळून खाली उतरतो. सकाळी त्याच्याशेजारी खुर्ची टाकून बसायचं आणि आवाज लांबला की वर तोंड करून ओरडायचं, हा त्यांचा नेम. "गुरुजी, तिसरी बादली झाली! म्हस धुताय व्हय?"

अंगाला साबण लागलेल्या माणसानं यावर काय बोलावं? जन्मभर शाळेत मी पोरांना गप्प बसवलं, पण मला गप्प बसवणारा हा एकच माणूस भेटला.

बापू मूळचे माण तालुक्यातले, धनगराच्या घरातले. त्यांच्या गावी आंघोळीला बाजेवर बसायचं, खाली घमेलं ठेवायचं आणि तेच पाणी नंतर शेरडांना पाजायचं. फौजेतून रिटायर झाल्यावर बायकोच्या दुखण्यासाठी, दवाखाने जवळ म्हणून, ते सांगलीत आले. बायको गेली, बापू राहिले. एकुलता एक मुलगा दत्ता मुंबईत कामाला.

एके दिवशी बापूंनी कुणालाही न विचारता तो पाइप कापला आणि सगळं पाणी कंपाउंडच्या कडेच्या मातीत वळवलं. सोसायटीत बोंबाबोंब झाली. सेक्रेटरींनी मीटिंग लावली, पण तारीख ठरेपर्यंत अळू वर आलं. घरोघरी अळूवड्या झाल्यावर बापूंच्या विरोधातल्या ठरावाला अनुमोदक कुठून मिळणार? मग केळी झाली, शेवगा झाला. बापू शेंगा फुकट वाटत. फुकट म्हणजे त्यांच्या हिशेबानं फुकट.

"शेंगा ग्वाड लागल्या न्हवं? मग सांजच्याला गच्चीवर यायचं."

गच्चीवर गजी असायची. ढोलाभोवती गोल धरून, हातात रंगीत रुमाल घेऊन पुरुषांनी नाचायचा हा धनगरी नाच. बापूंच्या गावात बिरोबाच्या जत्रेला तो पिढ्यान् पिढ्या चालत आला. पण गावातले गडी एकेक करून मुंबईला गेले. "ढोल हाय, देव हाय, नाचायला माणूस न्हाई," बापू म्हणत. "आवं, म्हाताऱ्यांच्या गुडघ्यावर देवाची जत्रा किती दिस चालायची?" म्हणून औंदा जत्रेचा गोल सांगलीच्या फ्लॅटवाल्यांनी भरायचा, असं त्यांनी परस्पर ठरवून टाकलं होतं.

आम्ही! मला संधिवात, दातांच्या डॉक्टरांना पोट, आणि इंजिनिअर पाटलांना डावं-उजवं कळत नाही. बापू एका हातानं ढोल बडवत आणि फौजी हिंदीत ओरडत, "पाटील, बाएं! बाएं! तुमी बांधलेल्या बिल्डिंगी उभ्या कशा ऱ्हात्यात वो?" पाय आपटला की म्हणत, "भुईला इचारून पाय टाका, गड्या. ती काय तुमची मोलकरीण न्हाई." पंधरवड्यात डॉक्टर धापा न टाकता फेरा पुरा करू लागले. माझा गुडघा दुखायचा, पण संध्याकाळ झाली की पाय आपोआप जिन्याकडं वळायचे. खोटं कशाला बोलू, एवढी मजा मला नोकरीतही कधी आली नव्हती.

गणपतीत आमची गजी झाली आणि कॉलनी लोटली. डॉक्टरांच्या बायकोनं चक्क शिट्टी मारली. त्या भरात सगळे बापूंच्या गळ्यात पडले. "बापू, जत्रेला आम्ही येणार म्हणजे येणारच!"

आमच्याकडं 'येतो की' म्हणायची एक रीत असते. लग्नाला, बारशाला, सगळ्याला आपण म्हणतो. ऐकणारा ते मनावर घेत नाही. बापूंनी घेतलं. घरोघरच्या जुन्या पांढऱ्या चादरी गोळा करून त्यांनी शिंप्याकडून सगळ्यांच्या मापाचे गजीचे घोळदार झगे शिवून घेतले. गावी निरोप धाडला, सांगलीचं मंडळ येतंय.

जत्रेच्या सकाळी स्टँडवर मी, बापू आणि झग्यांचं गाठोडं. डॉक्टरांना ऐनवेळी पेशंट आला. पाटलांचं स्लॅबचं काम निघालं. बाकीच्यांनी फोन उचलले नाहीत. एसटीत विट्यापर्यंत बापू म्हणत होते, "डॉक्टर गाडी घिऊन मागनं येत्याल." विट्याच्या पुढं त्यांनी मागं बघायचं सोडलं. मला सगळ्यांचा असा संताप आला होता! अजून येतो. एका दिवसाचा तर प्रश्न होता.

देवळापुढं ढोलवाला तयार होता. पारावर चार म्हातारे काठ्या धरून बसले होते. त्यांतल्या एकानं बापूंना गावातल्या नावानं हाक मारून विचारलं, "सर्जा, कुठायत रं तुजी माणसं?" तेवढ्यात बापूंचा फोन वाजला. दत्ताचा होता.

"आलीत की!" बापू मोठ्यांदा म्हणाले. "समदी आलीत. डाक्टर हाय, इंजिनेर हाय. गोल भरलाय बग. तुजी जागा तेवढी मोकळी ठिवलीया. निगालास न्हवं?"

पलीकडून दत्ता बोलत राहिला.

"बरं. ऱ्हाऊ दे. रजा न्हाई तर काय करणार? व्हय, व्हय. जेवलो."

फोन खिशात ठेवून ते माझ्याकडं न बघता म्हणाले, "गुरुजी, धा वरसं झाली, पोरगं जत्रंला आलं न्हाई. म्हणतं, तितं कोण हाय आता? म्हणून म्हटलं, औंदा गोल भरून दावावा. भरल्या गोलात यील. मोडक्यात कशाला यील?"

आम्ही गच्चीवर हसत, घाम पुसत जे करत होतो, ते या माणसानं पोराला घरी आणायला मांडलं होतं, आणि आमच्यापैकी एकालाही त्याचा पत्ता नव्हता. मी गाठोडं सोडलं, माझा झगा काढला आणि अंगात घातला. बापूंचा त्यांच्या हातात दिला.

"वाजव रं," बापू ढोलवाल्याला म्हणाले.

दोघांचा गोल होत नाही. आम्ही ढोलाच्या दोन बाजूंना समोरासमोर उभे राहिलो आणि रुमाल वर केले. तिसऱ्या फेऱ्याला बापूंचं पाऊल चुकलं. आजवर कधी चुकलं नव्हतं. पारावरचे म्हातारे बघत होते. मग मीही माझं पाऊल तसंच चुकवलं, म्हणजे आमचं दोघांचं जमलं.