सुकलालचा पऱ्हाट्यांचा टॉवर

सुकलाल कुणाच्याही घरी गेला की आधी खांबाला भेटतो, मग माणसांना. खांबावर टकटक करायची, कान लावायचा आणि घरधन्याला विचारायचं, "हाऊ गया तं भार कोन लेई?" हा गेला तर भार कोण घेईल? घरधनी काय सांगणार! तो म्हणतो, "आधी चहा तं पी."

म्हसावदला एका लग्नात यानं मांडवाच्या खांबाला हेच विचारलं. नुसतं विचारलं नाही, हलवून विचारलं. मंगलाष्टकं चालू आणि खांब याच्या हातात! मांडव नवरदेवाच्या मामाच्या फेट्यावर टेकला, पण पडला नाही. सुकलाल खांब खांद्यावर घेऊन ओरडला, "दख! बाकीसनी लिधा भार!" म्हणजे बाकीच्या खांबांनी घेतला.

मी त्याचा शेजारी, भिका. दुसरी शिकलोय. मला कुणी शिकवलेलं चालत नाही, आणि त्याला शिकवल्याशिवाय राहवत नाही. म्हणून तर रोज ओट्यावर भांडायला बसतो. माझ्याही घरात दुसरं कोणी नाही.

हे वेड त्याला लेकीपायी लागलं. शारदा सुरतेला पंधराव्या मजल्यावर राहायला गेली. आई वारल्यापासून बाप एकटा, म्हणून म्हणाली, बापू, माझ्याकडे या. हा गेला. खाली उभा राहून वर बघितलं, टोपी मागे पडली, ती उचलली आणि त्याच दिवशी परत. वर चढलाच नाही! त्यातच कुणीतरी मोबाइलवर एक उंच इमारत जळून खाली बसताना दाखवली. झालं.

मी म्हटलं, "त्यामा लोखंड ऱ्हास. लोखंड कधी जयस का?" लोखंड जळतं कुठे!

त्यानं मला हाताला धरून लोहाराच्या भट्टीवर नेलं. लाल झालेली पहार लोहारानं सहज वाकवली.

सुकलाल म्हणाला, "जयनं का? नही. नरम पडनं. तेवढं बस."

मी म्हणालो, या लोहाराचं लोखंडच कच्चं. आजही म्हणतो.

मग त्यानं शारदेला अट घातली. "मन्हा टावर होळीमा उभा ऱ्हायना, तं मी येसु." होळीत उभा राहिला, तरच येईन. टॉवर म्हणजे बांबूचे खांब, पऱ्हाट्यांचे, म्हणजे कपाशीच्या वाळक्या काड्यांचे, मजले, वर ओझ्याला कौलं. पहिल्या होळीला काठी गावच्या होळीत असतो तसा मधोमध एकच उंच बांबू होता. तो जळला, सगळं गेलं. पुढच्या खेपेला चार कोपऱ्यांना चार लावले. तेव्हा वरचा मजला सुटून खालच्यावर, तो त्याच्या खालच्यावर, असं सगळं जागच्या जागी खाली बसलं. मग बांबूंना शेणमातीचा लेप आला. आग लावण्याआधी, धक्का सोसतो का ते बघायला, दगड मारायचा मान माझा, कारण टॉवर पडावा असं सगळ्यात जास्त मलाच वाटायचं. दगडानं बांबू मोडला नाही, लेप तेवढा उडाला. आग बरोबर तिथूनच शिरली आणि टॉवर पुन्हा बसला.

यंदा सुकलालनं भोवती दाट खांब रोवले, मध्ये जाड जुडगा बांधला, मजले दोन्हीकडे आवळले, सगळ्याला हातभर लेप दिला. शारदा आली होती, बापाची पिशवी भरूनच. दिवस मावळताना मी दगड मारला. मनापासून मारला. दोन खांब मोडले. आग लागली. पऱ्हाट्या जळाल्या, कौलं तडतडली, टॉवर जरासा कलला आणि थांबला. राख झाली तरी खांब काळे होऊन उभेच!

पोरांनी शिट्ट्या मारल्या. शारदा म्हणाली, "बापू, आते?"

सुकलालनं टॉवरला एक फेरी घातली. मला वाटलं, आता नाचणार. तर हा माझ्याजवळ येऊन बसला आणि हळूच म्हणाला, "भिका, मी गऊ तं तुन्हा भार कोन लेई?"

मी म्हणालो, "मन्हा भार? मन्हा पाय आजून लोखंडना शेतस."

"लोखंडच नरम पडस, भाऊ."

मी शारदेला हाक मारली. "बेटी, तिकिटं दोन काढजो. याले एकटाले धाडं, तं त्या बिल्डिंगना खांब हलवी टाकी."

लिफ्टमध्ये मात्र मी बसणार नाही, हे आत्ताच सांगून ठेवतो.